फिस्कांचे शेजारी

१

सॉल्ट बेंडची खाण बंद पडली तेव्हा तिथली माणसं ट्रकांवर सामान लादून निघून गेली. मागे तिघंच उरलो. ऑरिन आणि लिओटा फिस्क हे म्हातारं जोडपं, आणि मी. माझा नवरा वॉल्ट खाणीच्या जुन्या दवाखान्यामागे टेकाडावर पुरलेला आहे, म्हणून मी गेले नाही. फिस्क का गेले नाहीत ते मी कधी विचारलं नाही. नेवाडाच्या वाळवंटात माणसं एकमेकांना असले प्रश्न विचारत नाहीत.

त्यांचं घर माझ्या घरापासून हाकेच्या अंतरावर होतं. उन्हं उतरली की मी राजम्याचं नाहीतर बटाट्याचं भांडं घेऊन त्यांच्याकडे जायची. व्हरांड्यात पश्चिमेकडे तोंड करून तीन लोखंडी खुर्च्या असत. ऑरिन एकच बिअर पुरवून पुरवून प्यायचा. लिओटा माझ्या स्वयंपाकाला नावं ठेवत दोनदा वाढून घ्यायची. सूर्य डोंगराआड गेला की मी घरी परतायची. कित्येक वर्षांत यात काही बदल झाला नव्हता.

त्या ऑगस्टमध्ये एका संध्याकाळी गेले तर व्हरांडा रिकामा. खुर्च्या घराच्या मागे उघड्यावर नेऊन मांडल्या होत्या आणि दोघं मावळत्या सूर्याकडे पाठ करून बसली होती. पूर्वेला बघण्यासारखं काहीच नाही. झुडपं, त्यापुढे पांढरी खारी जमीन, आणि पार लांब काळ्या टेकड्या.

इकडे कशाला तोंड करून बसलात, मी त्यांच्या समोर जाऊन विचारलं.

"सूर्य काय, रोजचाच आहे," ऑरिन म्हणाला.

लिओटानं ओठांवर बोट ठेवलं. "बस गं जरा, आवाज करू नकोस. त्यांची जेवणाची वेळ झालीय."

२

मलाही ऐकू आलं. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर पुढचं सगळं दोन म्हाताऱ्यांच्या डोक्यातलं वाटेल.

जाळीच्या दाराची स्प्रिंग ताणल्याची किरकिर. मग दार चौकटीवर आपटल्याचा आवाज, आणि त्यापाठोपाठ दार स्थिरावताना होतात तसे दोन बारीक ठोके. थोड्या वेळानं भांड्यांचा आवाज. बशीवर बशी ठेवल्याचा. नळ सोडून बंद केल्याचा. कुणीतरी खुर्ची मागे सरकवली. हे सगळं समोरून, खाऱ्या जमिनीवरून येत होतं. तिथे घर नाही. कधी नव्हतं. वॉल्टबरोबर त्या जमिनीवरून मी किती वेळा गाडी नेली असेल.

मी खाणीच्या दवाखान्यात नर्स होते. कुठल्याही गोष्टीला कारण असतं असं धरून चालायची मला सवय आहे. संध्याकाळी जमीन निवू लागते, हवेचे थर बदलतात, लांबचा आवाज जवळचा वाटतो. टेकड्यांवर आपटून आपल्याच घरातला आवाज परत येत असेल. दुसऱ्या दिवशी ऑरिनला माझ्या घरात उभं केलं, दार जोरात आपटायला लावलं आणि मी फिस्कांच्या खुर्च्यांपाशी थांबून ऐकलं. आवाज मागून आला. समोरून काही आलं नाही.

आज हवा कालच्यासारखी नसेल, असं मी म्हटलं. पण घरी आल्यावर दाराला हात लावला आणि लक्षात आलं की माझ्या दाराला स्प्रिंगच नाही. वॉल्टनं ती काढून साधी कडी लावली होती. फिस्कांचं जाळीचं दार तर वाऱ्यानं मोडल्यापासून गॅरेजमध्ये पडून होतं. आवाज ऐकू येईल इतक्या अंतरात तसा आवाज करणारं एकही दार नव्हतं.

३

रोज खुर्च्या थोड्या पुढे जायच्या. आधी कुंपणापर्यंत, मग कुंपणाबाहेर. मी त्याबद्दल काही बोलले की लिओटा म्हणायची, कालच्या जागेवरून नीट ऐकू येत नाही.

दोघंही सुखात दिसत होती, हेही सांगायला हवं. लिओटा संध्याकाळी कानात डूल घालू लागली. ऑरिन दाढी करून बसायचा. मी भांडं घेऊन गेले की ती मला तिकडच्या बातम्या सांगायची. आज तिथल्या बाईचं काहीतरी करपलं. आज कुणीतरी शिडी लावून छप्पर ठोकत होतं. ती बाई काम करताना गुणगुणते, पण एकच ओळ, पुढची तिला येत नसावी.

मी लिओटाला आजचा वार विचारला, राष्ट्राध्यक्ष कोण ते विचारलं, शंभरातून सातसात वजा करायला लावले. तिनं सगळं बिनचूक सांगितलं.

"झाली का परीक्षा? नापास केलंस की काय मला?" असं म्हणून माझाच गाल ओढला तिनं.

मग ऑरिनला एकट्याला गाठलं. तो गॅरेजमध्ये काहीतरी ठोकत होता. खाणीत ड्रिलच्या कामात त्याचे कान गेले होते. ओव्हनची घंटा त्याला स्वयंपाकघरात बसून ऐकू यायची नाही, त्याच्याशी बोलायचं तर खांद्याला हात लावून, समोर उभं राहून बोलावं लागायचं. मी म्हटलं, ऑरिन, तुला त्या बशा खरंच ऐकू येतात का?

"येतात," तो म्हणाला. "तेवढंच येतं."

मला ते आवडलं नाही. मी म्हटलं, कोण आहेत ती माणसं, कुठून आली, काही विचार करशील की नाही.

त्यानं हातोडी खाली ठेवली. "नेडीन, आम्ही इथे आल्यापासून माणसं निघूनच जाताहेत. पहिल्यांदा कुणीतरी राहायला आलंय. आणि तू मला त्यांचा पत्ता विचारतेस?"

त्याच आठवड्यात लिओटानं सांगितलं की रविवारी तिकडे जेवायला जायचं आहे. कुणी बोलावलं, कसं बोलावलं, मी विचारलं. ऑरिननं ऐकलं, एवढंच ती म्हणत राहिली. मी जाऊ नका म्हटलं. त्यावर तिनं माझा हात हातात घेतला आणि माझी समजूत घातल्यासारखं म्हणाली, "तुलाही बोलावतील गं. रुसू नकोस."

४

रविवारी दुपार कलल्यावर ती दोघं निघाली. ऑरिननं चर्चचा कोट घातला होता. लिओटाच्या मांडीवर जर्दाळूचा केक होता, वर स्वच्छ फडकं. गाडी माझ्या दारापाशी थांबवून तिनं काच खाली केली आणि सांगितलं की फ्रिजमध्ये सोमवारसाठी मांस ठेवलंय, तू उद्या काही रांधू नकोस. मला वाटलं, थोडं हिंडतील, काही सापडणार नाही, परत येतील. एकदा स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं की हे खूळ जाईल. धुळीचा पट्टा पूर्वेकडे गेला आणि हळूहळू खाली बसला.

तिन्हीसांजेला दाराचा आवाज आला. त्यानंतर पाहुणे आल्यावर होते तशी गलबल. बरीच माणसं एकदम बोलत होती. शब्द कळले नाहीत.

रात्र झाली तरी गाडी आली नाही. मी शेरीफच्या कचेरीत फोन केला, आणि सकाळी त्यांचा माणूस रूबेन ओलागे आपली जीप घेऊन आला. रूबेन मूळचा इथलाच. त्याच्या लहानपणी त्याचा मोडलेला हात मीच बांधला होता. आम्ही चाकांच्या खुणा धरून गेलो.

गाडी खाऱ्या जमिनीच्या मधोमध उभी होती. हँडब्रेक लावलेला, काचा बोटभर खाली, घराच्या अंगणात लावावी तशी एका बाजूला नीट घेऊन. दुसऱ्या कुणाची गाडी मावेल एवढी जागा शेजारी सोडली होती. ऑरिनची पावलं गाडीला वळसा घालून लिओटाच्या दारापाशी आली होती. म्हणजे त्यानं तिला दार उघडून दिलं असणार. तिथून दोघांची पावलं शेजारी शेजारी थोडी पुढे जात होती.

मग एका ठिकाणी माती घासली गेलेली होती. छोटासा चौकोनी तुकडा. त्यापलीकडे जमीन कोरी होती.

रूबेननं उकिडवं बसून त्या तुकड्याच्या कडेवरून बोट फिरवलं. म्हणाला, "बायको ओरडते म्हणून मी रोज हेच करतो."

"काय करतोस?"

"पाय पुसतो. आत जायच्या आधी."

हेलिकॉप्टर आलं, स्वयंसेवक आले, रांगा करून माणसांनी टेकड्यांपर्यंत जमीन तुडवली. एक फडकं नाही सापडलं, की केकचं भांडं नाही. माग काढणारे दोन कुत्रे आणले होते. ते पावलांच्या मागानं त्या घासलेल्या तुकड्यापर्यंत गेले आणि तिथे खाली बसले. भुंकले नाहीत, घाबरले नाहीत. बंद दारासमोर कुत्रे बसतात तसे मान वर करून, शेपटी हलवत बसून राहिले.

वाऱ्यानं पुढचे ठसे पुसले, असं रूबेननं कागदावर लिहिलं. मीही मान डोलावली. दुसरं काय लिहिणार होता तो.

५

फिस्कांची मुलगी डार्ला पोर्टलंडहून आली. पन्नाशीची, आईसारखी रुंद हातांची बाई, पियानो सुरात लावण्याचं काम करणारी. वाळवंट तिला कधीच मानवलं नाही, म्हणून ती वर्षातून एकदाच यायची. त्याबद्दल तिनं माझ्याशी काही बोलणं काढलं नाही आणि मीही काढलं नाही.

तिच्या मदतीला मी रोज जात होते. घर होतं तसंच होतं. पलंगावरची चादर ताणून घातलेली, लिओटाचा वाचायचा चष्मा उशीवर. फ्रिजमधलं सोमवारचं मांस डार्लानं फेकून दिलं आणि ते भांडं इतका वेळ घासलं की मला तिच्या हातातून काढून घ्यावं लागलं. सगळ्या खोल्यांतून फिरताना एकच गोष्ट कळत होती, की ही दोघं परत यायच्या बेतानं गेली होती.

आवाजांबद्दल मी तिला सांगितलं नव्हतं. दुःखात असलेल्या माणसाच्या कानात काय भरवावं आणि काय भरवू नये, एवढं मला दवाखान्यानं शिकवलं आहे. पण एकदा दिवस मावळताना आम्ही स्वयंपाकघरात बसलो होतो आणि तिनं एकदम मान वर केली.

"कुणाचं दार आपटलं?"

वारा असेल, मी म्हटलं.

"वारा पडलेला आहे, नेडीन." ती उठून खिडकीशी गेली. कान देऊन उभी राहिली. मी तिचा चेहरा पाहत होते. सूर लावणाऱ्या माणसाचा कान फसवता येत नाही. मग ती माझ्याकडे न वळताच म्हणाली, "आई हसतेय."

मला हसू ऐकू आलं नव्हतं. मग लक्ष देऊन ऐकलं, तेव्हा आलं.

६

तिला एकटीला जाऊ द्यायचं नाही एवढंच ठरवून मी दुसऱ्या दिवशी माझी गाडी काढली. तिथे पोचलो तेव्हा सूर्य डोंगराला टेकला होता. फिस्कांची गाडी केव्हाच ओढून नेली होती. मी माझी गाडी थोडी लांब लावली आणि इंजिन चालू ठेवलं. डार्ला उतरून पुढे गेली. मी तिच्यामागे.

सूर्य गेला. जमीन राखाडी झाली. आणि अगदी जवळ, दहा हातांवर, स्प्रिंग किरकिरली.

आमच्यासमोर जमिनीवर उजेडाचा एक पिवळा पट्टा पडला. उघड्या दारातून अंगणात पडतो तसा, तिरपा. दार नव्हतं. भिंत नव्हती. वर पाहिलं तर पलीकडच्या टेकड्या आणि पहिली चांदणी दिसत होती. उजेड फक्त जमिनीवर होता. मी खाली पाहिलं.

त्या उजेडात सावल्या होत्या. टेबलाशी बसलेल्या दोघांच्या. ऑरिनचे पडलेले खांदे मी कुठेही ओळखीन. लिओटाच्या कानातले डूल दिसत होते. बोलणं ऐकू येत होतं, तिचं आणि त्याचं, मोकळं, खेळीमेळीचं. बशा वाजत होत्या. पण सावल्या हलत नव्हत्या. लिओटा मोठ्यानं हसली, आणि तिच्या सावलीचं डोकं ताठच राहिलं.

मग तिसरी सावली त्यांच्यामागे आली. कुणाची, कसली, ते मी सांगू शकत नाही. उंच होती आणि खालच्या बाजूला तिला आकार नव्हता. तिनं हात लांब केला, लिओटाच्या डोक्यावर ठेवला, आणि ते डोकं पुढे झुकवून पुन्हा वर केलं. दोनदा. माणूस हो म्हणताना करतो तसं.

"बाहेर का उभ्या तुम्ही?" लिओटाचा आवाज आला. "डार्ला, ये ना गं आत. गार होतंय सगळं."

डार्ला चालू लागली. मी तिच्या कमरेला मिठी घातली. माझ्यात एवढं बळ कुठून आलं मला माहीत नाही. तिनं माझे हात ओरबाडले, मला कोपर मारलं, पण मी तिला मागे ओढत गाडीत कोंबलं आणि मागे न बघता गाडी हाणली. घरापाशी उतरताना म्हणाली, "माझी आई मला हाक मारत होती."

७

मला वाटलं होतं, ती पोर्टलंडला निघून जाईल. ती गेली नाही. तिनं घर विकायचा विचार सोडला आणि तिथेच राहिली. मला ओळख दाखवेना. संध्याकाळी ती मागच्या अंगणात खुर्ची टाकून बसलेली मला माझ्या खिडकीतून दिसायची.

मला काय करायचं ते कळत नव्हतं. त्या संध्याकाळी ती वर पाहत होती, दार जिथे असायला हवं तिकडे, असं मी धरून चालले होते. जमिनीवरचं तिनं पाहिलं नसणार. सांगितलं तर तिच्या आईबापांची ती शेवटची आठवण होणार. न सांगितलं तर ती एक दिवस उठून जाणार. शेवटी मी सांगायचं ठरवलं. सकाळी तिच्याकडे गेले, समोर बसले, आणि त्या हाताबद्दल जेवढं पाहिलं तेवढं सांगितलं.

तिनं मला पूर्ण बोलू दिलं. मग माझ्या कपात कॉफी ओतली. त्या संध्याकाळनंतर पहिल्यांदाच ती माझ्याशी नीट बोलली.

"मीही खालीच बघत होते, नेडीन."

मी कप खाली ठेवला.

"तुम्हाला वाटलं, मी जेवायला निघाले होते," ती म्हणाली. "त्यांना तिथे तसं बसवून ठेवलंय. कुणीतरी जायला नको का?"

मी तिला अडवलं नाही. अडवता आलंही नसतं. ती दोन दिवसांनी गेली, भरदुपारी, माझ्याकडे हात हलवून. तिनं केक नेला नाही. गॅरेजमधली ऑरिनची पहार नेली.

रूबेनबरोबर मी पुन्हा त्याच वाटेनं गेले. डार्लाची गाडी वाकडी उभी होती, दार सताड उघडं. पावलं लांब लांब टाकलेली होती. त्या जागी या वेळी माती घासलेली नव्हती. तिथे जमिनीत टाच रुतल्यासारखा खोल खड्डा होता, दारावर लाथ घालताना दुसऱ्या पायाखाली पडावा तसा. पुढे कोरी जमीन. रूबेननं टोपी काढली आणि पुन्हा घातली. त्याच्या कागदांत आता तीन नावं आहेत.

त्यानंतर कित्येक संध्याकाळी तिकडून बशांचे आवाज आले नाहीत. काच फुटल्याचे आले. लाकूड चिरफाळल्याचे आले. एकदा काहीतरी जड, कपाटासारखं, जमिनीवरून ओढत नेल्याचा आवाज अंधार पडेपर्यंत चालू होता. मी व्हरांड्याच्या कठड्याला धरून ऐकत राहायची. मग एके दिवशी सगळं थांबलं.

गेल्या आठवड्यापासून दिवस मावळला की डार्लाचा आवाज येतो. एकच वाक्य. रडवेलं नाही, भ्यालेलं नाही, स्पष्ट. "नेडीन, इकडे येऊ नका."

मी स्वतःला समजावते. तो खरंच तिचा आवाज असेल, तर तिचं ऐकायला हवं. तिचा नसेल, तर मला कशानं ओढून नेता येईल ते तिकडे कुणाला तरी नेमकं कळलं आहे. दोन्ही बाजूंनी विचार केला तरी उत्तर एकच, घरात बसायचं. रोज हेच उत्तर येतं आणि रोज मला ते पटतं.

काल भानावर आले तेव्हा मी फाटक उघडून बाहेर उभी होते. पायांत वॉल्टचे खाणीतले जाड बूट होते. त्यांच्या नाड्या घट्ट बांधलेल्या होत्या.